आजीचं बेट आणि युटामधलं एक झाड

भाच्याची मुलगी सात वर्षांची. तिला म्हटलं, हे समोर दिसतंय ना, उतारावर, रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला पण, हे सगळं मिळून एक झाड आहे. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे, आणि मग सरळ मोजायलाच लागली. वन, टू, थ्री. चाळीसच्या पुढे एकदा चुकली, परत पहिल्यापासून सुरू केलं, ११२ ला कंटाळली. म्हणाली, "मावशीआजी, यू आर चीटिंग. वन हंड्रेड अँड ट्वेल्व्ह झाले आणि अजून खूप आहेत."

खूप आहेत हे खरंय. अंदाजे ४७,००० खोडं आहेत तिथे.

सॉल्ट लेक सिटीहून साधारण तीन तास गाडी चालवली की फिश लेक नावाचं तळं लागतं, युटा राज्याच्या मध्यावर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९,००० फूट उंच. तळ्याच्या अलीकडे मैलभर हे रान आहे आणि हायवे नंबर २५ त्याच्या पोटातूनच जातो, म्हणजे लोक वर्षानुवर्षं जगातल्या सगळ्यात जड जिवाच्या आरपार गाडी घालतायत आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. भाच्याला पण नव्हता. तो सहा वर्षं तिथे राहतोय. मीच इकडून जाताना डोक्यात घेऊन गेले होते की एवढं लांब जातेच आहे तर पांडो बघून यायचं, तर तो म्हणाला मावशी, पांडो काय, रेस्टॉरंट आहे का.

पांडो हे त्या झाडाचं नाव. लॅटिनमध्ये 'मी पसरतो'. झाडाची जात क्वेकिंग अ‍ॅस्पेन, पांढऱ्या सालीचं सडपातळ झाड, सालीवर फांद्या गळून गेल्याचे काळे वण, आणि ते वण अगदी डोळ्यांसारखे दिसतात, म्हणजे तुम्ही उभे आणि चहूबाजूंनी कोणीतरी टकामका बघतंय. क्वेकिंग म्हणजे थरथरणारं. पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे जराशा झुळुकीनेही पान हलतं. मी खाली उभी राहिले आणि पहिलं काय आठवलं असेल तर आमच्या गावच्या पाराचा पिंपळ. तोच आवाज, बारीक सरी पडल्यासारखा. फक्त इथे पानं पिवळीजर्द होती, सप्टेंबर संपत आला होता.

त्या पिवळ्यावरूनच खरं तर हे कळतं. एका मुळावरची सगळी खोडं एकाच वेळी रंग बदलतात. डोंगरावर लांबून बघितलं तर एक पट्टा पिवळा, शेजारचा अजून हिरवा, त्याच्या पलीकडचा केशरी, आणि मध्ये सीमारेषा आखल्यासारखी. प्रत्येक पट्टा म्हणजे एक झाड. मिशिगन विद्यापीठातले बर्टन बार्न्स नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी जेरी केम्परमन यांनी १९७० च्या दशकात अशीच पानांचे आकार, साल, खोडांची ठेवण बघून ठरवलं की हे इथलं सगळं एकच असणार. डीएनए वगैरे काही नाही, नुसतं चालायचं आणि बघायचं. पुढे १९९२ मध्ये मायकेल ग्रँट आणि मंडळींनी त्याला पांडो नाव दिलं, आणि २००८ मध्ये डीएनए तपासून बार्न्सचं बरोबर होतं हे पक्कं झालं. एकूण पसारा ४३ हेक्टर, म्हणजे १०६ एकर. दादरचं शिवाजी पार्क २८ एकर धरलं तर पावणेचार शिवाजी पार्कं. वजन अंदाजे ६,००० टन.

६,००० टन हा आकडा आपल्याला नुसता आकडा वाटतो. मला तो रेवदंड्यामुळे कळला. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा येऊन लागला होता, ४२ फुटी, जिवंत. त्याला परत पाण्यात ढकलायचा गावकऱ्यांनी आणि वनखात्याच्या लोकांनी खूप प्रयत्न केला पण नाही झालं, मेला बिचारा, तिथेच वाळूत पुरला. माझा चुलतभाऊ बघायला गेला होता, तो नंतर फोनवर बराच वेळ नीट बोललाच नाही, एवढंच म्हणाला की अगं, डोळा बघितला त्याचा. तर तो ४२ फुटी म्हणजे पोरच होतं, पूर्ण वाढ झालेला निळा देवमासा १०० फुटांपर्यंत जातो आणि वजन दीडशे टन सहज. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांत त्याच्याहून वजनदार प्राणी अजून तरी सापडल्याचं कोणी खात्रीने सांगत नाही. असे चाळीस देवमासे एका पारड्यात ठेवले तर दुसऱ्या पारड्यात पांडो. 

आता आजी.

माझ्या आजीचं माहेर वसईचं, सासर रोह्याजवळ. लग्न होऊन येताना तिने काय आणलं असेल तर दोन पातेली, एक पितळी डबा आणि राजेळीचा मुनवा. ही गोष्ट आमच्याकडे इतक्या वेळा सांगितली गेलीय की आता खरं किती आणि मीठमसाला किती देव जाणे, पण मुनवा खरा, कारण त्याची केळी मी खाल्लीयत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्यातून शेजारी फुटणारं पिल्लू. राजेळी म्हणजे वसईची ती जाड, लांब, कोन असलेली केळी, पिकली की सोलून उन्हात वाळवतात आणि त्याची सुकेळी होतात. आजीने तो मुनवा न्हाणीच्या मागे लावला, आंघोळीचं पाणी जिथे जायचं तिथे. कोकणात केळ तिथेच असते, वेगळं पाणी घालायला कोणाला वेळ आहे.

केळीचं खोड एकदाच वितं. केळफूल येतं, घड लागतो, घड उतरवला की खोड कापून टाकायचं. तोपर्यंत शेजारी दोनतीन मुनवे वर आलेले असतात. आजी त्यातला तलवारीसारख्या अरुंद पानाचा ठेवायची, रुंद पानाचे काढून टाकायची, म्हणायची ते नुसते दिसायला गुटगुटीत, आतून पोकळ. मी लहान असताना एकदा खोड तोडलं तेव्हा रडले होते म्हणे, की झाड मारलं. तर आजी म्हणाली, "झाड कुठे मारलं? बेट आहे की तिथेच."

बेट. या शब्दाशी मी पांडोखाली उभी असताना येऊन अडखळले. केळीचं बेट, बांबूचं बेट. आपल्याकडे बांबू कोणी काठ्यांवर मोजत नाही, "मागे चार बेटं आहेत" असं सांगतात. एका बेटात वीस काठ्या असोत नाहीतर शंभर, बेट एक. विकताना काठ्या मोजतील, पण झाड म्हणून विचारलं तर बेटच. शास्त्रज्ञांना यासाठी इंग्रजीत दोन वेगळे शब्द घडवायला लागले, आख्ख्या जिवाला जेनेट आणि त्यातल्या एकेका खोडाला रॅमेट, आणि आमची आजी चौथी शिकलेली, ती न्हाणीच्या मागे उभी राहून हा फरक रोज करत होती. मी भाच्याच्या मुलीला बेट हा शब्द सांगायचा प्रयत्न केला तर तिला बेट म्हणजे आयलंड एवढंच माहीत, ती म्हणाली पण पाणी कुठाय.

नंतर भाच्याच्या घरी येऊन वाचत बसले (जेट लॅग, रात्री तीनला टक्क जाग) तेव्हा अजून एक गोष्ट कळली आणि मी अंथरुणात उठूनच बसले. पांडोच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत. आपल्यात दोन असतात, एक आईकडून एक बापाकडून, आणि पुढे पोराला देताना त्याचे सरळ दोन भाग होतात. तिनाचे दोन सारखे भाग कसे करणार? त्यामुळे धड बी धरवतच नाही. शिवाय पांडो नर आहे, म्हणजे बी त्याला तसंही लागणार नव्हतं, पण परागही बहुधा काही कामाचे नसावेत. मग उरतं काय तर मुळातून फुटणं, पसरणं. आणि केळ? आपली खायची बहुतेक केळी, बसराई, ग्रँड नैन आणि राजेळीसुद्धा, तशीच तीन संचांची. म्हणून तर केळ्यात बी नसतं, ते मधले काळे ठिपके म्हणजे राहून गेलेल्या बिया. म्हणून मुनवे. म्हणजे आजीचं न्हाणीमागचं बेट आणि युटामधलं हे अवाढव्य प्रकरण यांची अडचणही एक आणि त्यावर काढलेला तोडगाही एक, फरक एवढाच की एकाला माणसाने उचलून गावोगाव नेलं आणि दुसरं स्वतःच्या मुळांवर किती हजार वर्षं सरकत राहिलं. किती हजार यावर एकमत नाही. २०२४ मधला अंदाज १६,००० ते ८०,००० वर्षं असा आहे, म्हणजे काय ते तुम्हीच समजा, एवढ्या फरकाने आमच्याकडे लग्नाचं बजेटसुद्धा चुकत नाही. पण कमीतली कमी बाजू धरली तरी माणसाने पहिली शेती करायच्या आधीचं हे झाड आहे.

पण मग प्रश्न येतोच, की आजीने वसईहून मुनवा तोडून आणला, तर रोह्याचं बेट हे वसईच्या बेटाचाच भाग की वेगळं झाड? जीन तीच. मूळ मात्र तुटलेलं. जीन एक म्हणजे जीव एक असं धरलं तर जगभरची ग्रँड नैन ही एकच केळ म्हणायला लागेल, रावेरपासून इक्वेडोरपर्यंत, आणि मग पांडो वगैरे सगळे रेकॉर्ड गेले, सगळ्यात मोठा जीव फळवाल्याच्या हातगाडीवर. तसं कोणी मानत नाही. मुळं जोडलेली हवीत असं म्हणतात. पण पांडोची तरी सगळी मुळं आज एकमेकांना जोडलेली असतील का, मधून डांबरी रस्ता गेलाय, कॅम्पिंगची जागा आहे, केबिन्स आहेत. तरी त्याला आपण एकच म्हणतो. मला यात थोडी लबाडी वाटते, पण चालवून घेण्यासारखी.

'सगळ्यात मोठं' ही स्पर्धाच तशी मजेशीर आहे, प्रत्येकाचा नियम वेगळा. एकाच खोडाचं झाड म्हणाल तर कॅलिफोर्नियातला जनरल शर्मन नावाचा सिकोया, पावणेतीनशे फूट उंच आणि खोडाचं घनफळ जवळजवळ दीड हजार घनमीटर. लांबीवर गेलात तर ऑस्ट्रेलियात शार्क बेमध्ये समुद्राच्या तळाशी गवत आहे, पोसिडोनिया, २०२२ मध्ये तपासलं तर १८० किलोमीटरपर्यंत तेच एक झाड निघालं, मुंबईहून नाशिकला पोचून थोडं पुढे. साधारण साडेचार हजार वर्षं एकाच बीपासून पसरत आलेलं. आमच्याकडच्या देशावरच्या शेतकऱ्याला हे सांगा, तो म्हणेल ही तर हरळी. हरळी आणि कुंदा ज्याने काळ्या रानातून खणून काढलाय त्याला कांडीतून कांडी कशी फुटते हे शास्त्रज्ञाने शिकवायची गरज नाही, एवढंसं कांडं राहिलं की पुढच्या वर्षी परत तीच. 

आणि क्षेत्रफळावर गेलात तर एक बुरशी आहे. हिच्यावर जरा थांबायलाच पाहिजे.

ओरेगन राज्यात मॅल्हूर नॅशनल फॉरेस्टमध्ये फरची झाडं मरत होती. इथली चार, तिथली दहा, सुकून उभीच्या उभी. साल सोलली तर आत पांढरा पापुद्रा, आणि मुळांवर बुटाच्या नाडीसारखे काळे दोरे. ही आर्मिलारिया. तिकडच्या पानगळीच्या सुमारास मधाच्या रंगाच्या छत्र्या उगवतात म्हणून तिला हनी मशरूम म्हणतात, पण छत्री म्हणजे नुसतं फळ, खरा जीव जमिनीखाली. संशोधकांनी काय केलं, लांबलांबच्या मेलेल्या झाडांवरून नमुने आणले आणि प्रयोगशाळेत एकाच बशीत दोन दोन शेजारी वाढवायला ठेवले. वेगवेगळे जीव असले तर दोघांच्या मध्ये रेघ उमटते, कोणी कोणाच्या हद्दीत जात नाही. एकच असला तर ते एकमेकांत मिसळून जातात. नमुने लांबलांबून आणत गेले आणि ते मिसळतच गेले. शेवटी हिशेब लागला तो ९६५ हेक्टर, २,३८५ एकर. शिवाजी पार्कं किती ते मी काढलं, पंच्याऐंशी. २००३ मध्ये हे छापून आलं, आणि वय कमीत कमी दोन हजार वर्षांच्या आसपास, जास्तीत जास्त ८,६५०. 

बशीतली ती रेघ मला फार आवडली. भावकीत जमिनीची वाटणी झालेली ज्यांनी बघितलीय त्यांना ती रेघ ओळखीची वाटेल. 

बुरशीवरून हावड्याचा वड आठवतो. शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये, अडीचशे वर्षांच्या वरचा. मी ८९ साली कॉलेजच्या सहलीत बघितला होता तेव्हा माझ्या टाळक्यात काहीही शिरलं नव्हतं, आम्ही पारंब्यांना लटकून फोटो काढले आणि पुचका खायला गेलो. साडेचार एकरांच्या आसपास पसरलाय, साडेतीन हजारांच्या वर पारंब्या जमिनीत रुजून खांब झाल्यात. आणि या वडाला मूळ खोडच नाही. त्याला बुरशी लागली, सडलं, शेवटी १९२५ मध्ये कापून काढलं. मधोमध रिकामी जागा, आणि भोवती झाड तसंच, अजून पसरतंय. आंध्रातला तिम्मम्मा मर्रिमानू त्याच्याहूनही मोठा, १९८९ मध्ये गिनीज बुकात गेलेला. आणि आपल्याकडे संगमनेर तालुक्यात पेमगिरीला, शहाजीराजांनी निजामशाहीचा लहान वारस जिथे गादीवर बसवला त्या किल्ल्याच्या परिसरात, एक प्रचंड वड आहे. तिथे मी मूळ खोड कुठलं ते शोधत अर्धा तास फिरले, शेवटी एक म्हातारे गृहस्थ बिडी ओढत बसले होते त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही ज्याला टेकून हुबं ऱ्हायलाय ते धरा की."

पांडोकडे परत जाते, कारण त्याचं काही बरं चाललेलं नाही आणि हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं.

अ‍ॅस्पेनचं एक खोड जगतं शंभर, सव्वाशे वर्षं. म्हातारं खोड मरतं तेव्हा वरून मुळांकडे येणारा एक रस थांबतो, हार्मोनच तो, जो तोपर्यंत नवीन कोंब दाबून ठेवत असतो. तो थांबला की मुळं जागी होतात आणि कोंब वर येतात. म्हणजे घरातलं मोठं माणूस गेलं की धाकटे बोलायला लागतात तसं. हजारो वर्षं हे असंच चाललं. आता कोंब येतात आणि हरणं ते खाऊन टाकतात. म्यूल डिअर. शिवाय वर्षातून थोडे दिवस चरायला सोडलेल्या गाई. हरणांना धाक घालणारे लांडगे युटामधून साधारण शंभर वर्षांपूर्वीच मारून संपवले. त्यामुळे रानात फिरताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते, की अरे, इथे सगळे आजोबाच आहेत. मधल्या वयाचं कोणी नाही. माझ्या आजोळच्या गावात मेमधली सुट्टी सोडली तर हेच दिसतं, म्हणून बहुतेक पटकन लक्षात आलं.

२०१३ आणि २०१४ मध्ये थोड्या थोड्या भागाला कुंपण घातलं, आठ फूट उंच. पॉल रॉजर्स म्हणून युटाचेच संशोधक आहेत, त्यांनी २०१८ मध्ये पाहणी छापली. एका कुंपणात कोंब चांगले वाढले, दुसऱ्यात नाही, हरणं कुठूनतरी फटीतून घुसत असावीत नाहीतर चक्क आठ फूट उडी मारत असावीत. मी ते वाढलेले कोंब बघितले, कुंपणाच्या जाळीतून, माझ्या बोटाएवढे जाड आणि दाटीवाटीने, शाळा सुटल्यासारखे. भाच्याची मुलगी परत मोजायला लागली, मग म्हणाली हे पण त्याच एकातच का? म्हटलं हो. मग लहान कसे? आता याला काय उत्तर द्यायचं. म्हटलं तुझे केस बघ, काही जुने काही नवे. ती केस बघत बसली, पटलं की नाही माहीत नाही. वर पानं अखंड वाजत होती. जेफ राइस नावाच्या एका कलाकाराने इथे खोडाखालच्या ढोलीतून हायड्रोफोन (पाण्याखाली वापरायचा माइक) मुळांपर्यंत सोडून आवाज टिपलाय, वादळात वरची पानं हलतात तो थरथराट खाली जमिनीत गडगडाटासारखा ऐकू येतो. घरी आल्यावर हेडफोन लावून ऐकला. न्हाणीच्या पत्र्यावरचा पाऊस वाटला मला. अर्थात मला हल्ली सगळंच न्हाणीपाशी येऊन थांबतं.

आणि त्याला कारण आहे. रोह्याचं घर काकांनी २००४ मध्ये विकलं. त्याआधी वडिलांनी मुनवा डोंबिवलीला आणला होता, तळमजल्याच्या मागे, तिथून मी लग्नानंतर पुण्याला आमच्या सोसायटीत, पंपाच्या खोलीशेजारी, जिथे टाकी वाहून पाणी साठायचं. अठरा वर्षं होतं तिथे. दरवर्षी नाही पण दोनेक वर्षांनी घड यायचा, जिन्याने वर नेताना दमछाक, आणि मग पूर्ण विंगमध्ये वाटप. दोन वर्षांपूर्वी मी पंधरा दिवस गावाला गेले आणि आले तर तिथे पेव्हर ब्लॉक. टू व्हीलर पार्किंग. मीटिंगमध्ये ठराव झाला होता म्हणे, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं म्हणे. मी काही बोलले नाही. खरं तर खूप बोलले, पण केळ आली नाही परत.

सॉल्ट लेकला रात्री तीन वाजता पांडोचं वाचत असताना डोक्यात लख्ख पडलं की बँकेतली माझी मैत्रीण, भुसावळची, रिटायर होऊन तळेगावला राहते, तिला मी मागे कधीतरी एक मुनवा दिला होता, गोणपाटात बांधून, स्कूटरच्या पायाशी ठेवून. सात की आठ वर्षं झाली. तिने लावला असेल का, लावला तर जगला असेल का, काही आठवेना. इकडे तीन म्हणजे भारतात दुपारचे अडीच. फोन लावला.

"अगं, तुझ्याकडे मी दिलेला केळीचा मुनवा आहे का अजून?"

"मुनवा काय मुनवा, पील म्हण," ती म्हणाली. खानदेशी बाई, केळीच्या बाबतीत ऐकून घेत नाही. "आणि एक काय, सात झालेत मोरीमागं. एकाला घड आहे, तुझी ती लांबडी केळी. कुठून बोलतेयस, आवाज असा का येतोय?"

"अमेरिकेतून. ऐक ना, मला त्यातला एक हवाय."

"मग लवकर ये. केळीच्या कांदेबाग लावणीचा टाइम आहे, ऑक्टोबरातच लाव. मी तलवारी पानाचा बघून ठेवते. आणि लावणार कुठे? तुमच्याकडे तर पार्किंग झालंय ना?"

ते मी अजून ठरवलेलं नाही. टेरेसवर ड्रममध्ये राजेळी येते का, कोणी लावलीय का, कळवा.